बागेला कुलूप किती वाजता लागतं?

आगीच्या बंबावरचा माणूस कामावर असताना कशानं मरतो? धूर, ज्वाळा, अंगावर कोसळलेलं छप्पर, आपल्या डोळ्यांपुढे हेच येतं. अमेरिकेतल्या काही संशोधकांनी १९९४ ते २००४ या काळात ड्युटीवर मरण पावलेल्या अग्निशामकांच्या नोंदी एकेक करून चाळल्या. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यात गेलेले वगळले, तरी ११४४ मृत्यू उरले. त्यांतले ४४९ हृदयविकारानं झालेले! पाचांतले जवळजवळ दोन.

खरा धक्का पुढे आहे. आगीशी प्रत्यक्ष झुंजण्यात या मंडळींचा फार तर १ ते ५ टक्के वेळ जातो. बाकीचा वेळ ठाण्यात, सरावात, गाड्यांच्या देखभालीत. पण हृदयविकाराच्या मृत्यूंपैकी ३२ टक्के त्या एवढ्याशा वेळात झाले होते. आणि १३ टक्के कधी? कॉल आल्यावर, आगीकडे धावताना. धूर अजून नाकात गेलेला नाही, ज्वाळा दिसलेली नाही. नुसती घंटा वाजली आहे.

घंटेचा आवाज हृदयापर्यंत इतक्या जोरात पोचतो तरी कसा? १९७५ साली लॉस एंजेलिसच्या अग्निशामकांच्या छातीला यंत्रं लावून हे मोजलं गेलं. घंटा वाजल्यापासून १५ ते ३० सेकंदांत त्यांच्या हृदयाचे ठोके मिनिटाला सरासरी ४७ नं वाढले. अर्धं मिनिट! एवढ्या वेळात माणूस जेमतेम बूट चढवतो.

हा सगळा कारभार चालतो कानशिलांच्या आत खोलवर दडलेल्या दोन छोट्या गाठींतून. त्यांना अमिग्डला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की त्या विचार करत बसत नाहीत. मेंदूचा शहाणा भाग ‘कुठली गल्ली, कितवा मजला’ हे समजून घेईपर्यंत खाली मूत्रपिंडांच्या माथ्यावरच्या ग्रंथींनी ॲड्रेनलिन सोडलेलंही असतं. हृदय धावतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, पोटाचं रक्त पायांकडे वळतं. पाठोपाठ कॉर्टिसॉल येतं, साठवलेली साखर रक्तात आणतं आणि वीस-तीस मिनिटांनी शिखर गाठतं. वाघ दिसला की पळता यावं म्हणून लाखो वर्षांत घडलेली ही व्यवस्था. वाघ निघून गेला की ती निवायची. आता ज्याचा वाघ रोज रात्री-अपरात्री फोनवरून येतो, त्यानं काय करायचं?

कर्नाटकातल्या हुबळी शहरात, जुन्या हुबळीला, अशी माणसं नवी नाहीत. महाशिवरात्रीला सिद्धारूढ मठाचा रथ निघतो तेव्हा गर्दीच्या कडेनं उभे असतात ते बंदोबस्तवाले. त्यांना रथ दिसतच नाही, कारण त्यांचं तोंड लोकांकडे असतं. एप्रिल २०२२ मधल्या एका रात्री जुन्या हुबळीच्या पोलीस ठाण्यावरच दगडफेक झाली, पोलीस जखमी झाले, आणि दुसऱ्या दिवशी बाकीच्यांना पुन्हा त्याच चौकांत उभं राहावं लागलं. १ नोव्हेंबर २००८ पासून कर्नाटकात धावणाऱ्या १०८ च्या रुग्णवाहिका आहेत. किम्स रुग्णालयाच्या अपघात विभागात रात्रभर स्ट्रेचर ओढणारे आहेत. आणि बंबावरचे तर आहेतच. १४ एप्रिलला देशभर पाळला जाणारा अग्निशमन सेवा दिन मुंबईच्या गोदीतून आलेला आहे: १९४४ साली त्या दिवशी ‘फोर्ट स्टिकिन’ या जहाजाचा स्फोट झाला आणि ६६ अग्निशामक गेले. त्या दिवशी मानवंदना होते, फुलं वाहिली जातात. मेलेल्यांचं स्मरण आपण नीट करतो. जिवंत असलेल्यांसाठी काय?

पगार, भत्ते, विमा हे झालंच. पण जगात एक वेगळीच कल्पना मूळ धरते आहे: या लोकांना सार्वजनिक बागा, वनं, राष्ट्रीय उद्यानं मोफत खुली करा. अमेरिकेनं सुरुवात सैनिकांपासून केली. २०१२ पासून तिथल्या सेवेतल्या सैनिकांना आणि त्यांच्या कुटुंबांना राष्ट्रीय उद्यानांचा वार्षिक पास फुकट मिळू लागला. नोव्हेंबर २०२० पासून माजी सैनिकांना आणि युद्धात गमावलेल्यांच्या घरच्यांनाही. सैनिकाला जे मिळालं ते बंबावरच्याला, रुग्णवाहिकेवरच्याला, पोलिसाला का नको, हा प्रश्न मग आपोआप पुढे येतो.

ऐकून हसू येईल. जिवावर उदार होणाऱ्या माणसाला सरकारनं काय दिलं, तर बागेचं तिकीट माफ! आपल्याकडे बागेचं तिकीट असतं ते किती? चहाच्या कपाएवढं. मलाही पहिल्यांदा ही सवलत म्हणजे फोटो काढून घेण्यापुरती वाटली. पण थोडं थांबा. झाडांच्या सावलीत शरीराचं काय होतं हे एकदा पाहू, मग तिकिटाकडे येऊ.

अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातलं एक रुग्णालय. एका ओळीत खोल्या. काही खोल्यांच्या खिडकीतून झाडं दिसायची, काहींच्या खिडकीतून विटांची भिंत. बाकी खोल्या तशाच, परिचारिका त्याच. रॉजर उलरिक नावाच्या संशोधकानं १९७२ ते १९८१ मधली या खोल्यांतल्या रुग्णांची जुनी कागदपत्रं काढली. सगळे पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेचे. वय, लिंग, विडी-सिगारेटची सवय असं जुळवून त्यानं २३ जोड्या लावल्या: एक झाडवाला, एक भिंतवाला. झाडवाले सरासरी ७.९६ दिवसांत घरी गेले, भिंतवाल्यांना ८.७० दिवस लागले. झाडवाल्यांनी वेदनाशामकांचे जोरदार डोसही कमी घेतले होते. झाडानं काय केलं? काही नाही. ते खिडकीबाहेर नुसतं उभं होतं! १९८४ साली ‘सायन्स’मध्ये हा दोन पानांचा लेख आला आणि जगभरच्या रुग्णालयांचे नकाशे काढणारे खिडक्यांकडे वेगळ्या नजरेनं पाहू लागले.

मग प्रश्नांची रांगच लागली. किती वेळ झाडांत बसावं? मिशिगन विद्यापीठाच्या मेरीकॅरल हंटर यांनी ३६ शहरी माणसांना आठ आठवडे कामाला लावलं. आठवड्यातून तीनदा, कमीत कमी दहा मिनिटं, जिथं निसर्गाचा सहवास वाटेल अशा जागी जाऊन या. जाण्याआधी आणि आल्यावर थोडी लाळ नळीत द्या, आम्ही कॉर्टिसॉल मोजतो. अटी मजेशीर होत्या: दिवसाउजेडी जायचं, व्यायाम नको, वाचन नको, गप्पा नको आणि फोन अजिबात नको. २०१९ मध्ये निकाल आला. वीस ते तीस मिनिटांत कॉर्टिसॉल सर्वांत वेगानं उतरत होतं; त्यापुढे बसलं तरी फायदा होत राहायचा, पण वेग मंदावायचा. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये जवळजवळ वीस हजार लोकांच्या पाहणीतून दुसरा आकडा आला: आठवड्याला १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांनी आपली तब्येत चांगली असल्याचं सांगण्याचं प्रमाण जास्त होतं. ती मिनिटं रविवारी एकदम घेतली काय किंवा रोज थोडी थोडी घेतली काय, फरक नव्हता. (अर्थात तब्येत चांगली म्हणूनच ते बागेत जातात, असंही असू शकतं. पाहणीतून एवढं कळत नाही, म्हणून तर लाळेच्या नळ्या लागतात.)

मला मात्र सर्वांत थक्क केलं ते चालण्याच्या एका प्रयोगानं. मिशिगनमध्येच, २००८ साली. विद्यार्थ्यांना आधी डोकं शिणवणारी कामं दिली, मग एकदा झाडांच्या उद्यानातून तासाभराच्या आत-बाहेर चालवलं, एकदा वर्दळीच्या रस्त्यावरून. परत आल्यावर आकड्यांची मालिका उलटी म्हणून दाखवायची. उद्यानातून आल्यावर गुण स्पष्ट वाढले, रस्त्यावरून आल्यावर नाहीत. इथवर ठीक. पण काहींना हे चालणं कडाक्याच्या थंडीत करावं लागलं होतं. नाक गोठत होतं, मजा काडीचीही आली नव्हती. तरी त्यांचेही गुण वाढले! म्हणजे बाग आवडावी लागते असं नाही. वैतागून, पाय ओढत, मनात साहेबांना शिव्या देत गेलात तरी ती आपलं काम करते.

कसं करते? रेचेल आणि स्टीफन कॅप्लन या जोडप्यानं दिलेलं उत्तर आज बरेच जण मानतात. आपलं लक्ष दोन तऱ्हांचं असतं. एक आपण जोर लावून खिळवतो: बंदोबस्तातल्या शिपायाचं गर्दीवर, रुग्णवाहिकेच्या चालकाचं पुढच्या रिक्षावर. हे लक्ष दमतं. दुसरं आपोआप ओढलं जातं: पानं हलतात, खार पळते, पाण्यावर तवंगासारखा उजेड सरकतो. त्यात गुंतायला जोर लावावा लागत नाही, आणि तेवढ्यात पहिलं लक्ष विसावा घेतं. टीव्हीही लक्ष ओढतो, मग तो का चालत नाही? कारण तो घट्ट धरून ठेवतो; विचारांना हिंडायला जागाच ठेवत नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०१५ मध्ये आणखी आत डोकावून पाहिलं. नव्वद मिनिटं झाडाझुडपांतून चालून आलेल्यांच्या मेंदूतला कपाळामागचा एक भाग शांत झालेला दिसला. तोच भाग, जो ‘मी तेव्हा तसं करायला नको होतं’ हे मनात पुन्हा पुन्हा घोळवताना जागा असतो. वाहत्या रस्त्याच्या कडेनं तेवढंच चाललेल्यांत तो शांत झाला नव्हता. ज्यानं रात्री अपघातातलं मूल उचललं आहे, त्याच्या डोक्यात काय घोळत असतं हे सांगायला नको.

एवढं पटलं की वाटतं, काम सोपं आहे. नाइट संपली, सकाळी सहाला बाग उघडते, घरी जाता जाता उणकल तलावाच्या काठानं अर्धा तास चालायचं, नाहीतर नृपतुंग बेट्टाच्या पायऱ्या चढायच्या. मोकळी हवा, कोवळं ऊन, आणखी काय हवं? इथेच निसर्गानं एक चकवा ठेवला आहे.

डोळ्यांच्या मागे, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना छेद देतात त्याच्या बरोबर वर, साधारण वीस हजार पेशींचा एक पुंजका आहे. वीस हजार म्हणजे मेंदूच्या हिशेबात काहीच नाही. पण शरीराचं मुख्य घड्याळ हेच. यकृत, आतडी, स्वादुपिंड, हृदय, सगळ्यांची आपापली घड्याळं असतात आणि ती सगळी या पुंजक्याकडे पाहून वेळ लावतात. हुबळी रेल्वेचं गाव, १५०७ मीटर लांबीचा फलाट मिरवणारं. तेव्हा इथल्या माणसाला हे लगेच कळेल. नियंत्रण कक्षानं वेळ चुकीची दिली तर प्रत्येक स्टेशनमास्तर आपापल्या परीनं बरोबर असतो आणि गाड्या तरी अडकतात. नाइटवाल्याला मध्यरात्री भूक लागते, आतडी झोपलेली असतात. जेवण पोटात तसंच बसून राहतं ते यामुळे.

हे घड्याळ एकटं सोडलं तर ते २४ तासांपेक्षा थोडं सावकाश चालतं, रोज दहा-एक मिनिटांनी मागे पडतं. मग ते रोज लावतं कोण? उजेड. आणि इथे आणखी एक नवल. डोळ्याच्या पडद्यावर काही पेशी अशा आहेत की ज्यांचं मुख्य काम दाखवणं नाहीच; त्या फक्त उजेड किती आहे हे त्या पुंजक्याला कळवतात, आणि निळसर उजेडाला सर्वांत जास्त दाद देतात. शरीरशास्त्र शेकडो वर्षं डोळा चिरून पाहत होतं, पण या पेशींची ओळख पटली ती थेट २००२ साली! घरातल्या दिव्यांचा उजेड तीनशे-पाचशे लक्सच्या घरातला. मोकळ्यावरच्या सावलीत तो दहा हजारांवर जातो, भर उन्हात लाखावर. म्हणजे सकाळी सातला उणकलच्या काठावर उभं राहणं म्हणजे मुख्य घड्याळाला ठणकावून सांगणं: दिवस सुरू झाला.

नाइट करून आलेल्याला नेमकं हेच नको असतं. त्याला आता झोपायचं आहे. शिकागोतल्या झोपेच्या प्रयोगशाळांनी सलग रात्रपाळी करणाऱ्यांना म्हणूनच उलटा सल्ला दिला: रात्री कामावर भरपूर उजेड, आणि सकाळी घरी जाताना गडद काळा चष्मा. घरी गेल्यावर खोलीत अंधार. सकाळचं कोवळं ऊन, ज्याचे आपण एवढे गोडवे गातो, ते या माणसाची झोप खातं. आणि ही झोप साधीसुधी गोष्ट नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००७ मध्ये घड्याळ बिघडवणाऱ्या रात्रपाळीला कर्करोगाच्या ‘संभाव्य कारणां’च्या यादीत टाकलं आणि २०१९ मध्ये पुन्हा तपासून तिथेच ठेवलं.

तर मग या माणसाची बागेची वेळ कुठली? आठ-साडेआठला झोपला, दुपारी तीनच्या सुमारास उठला. आता त्याच्या शरीरासाठी सकाळ झाली आहे! साडेतीन-चारपासून सूर्य मावळेपर्यंतचा उजेड त्याला हवा आहे, कामावर जाण्याआधी. आणि सकाळच्या पाळीवाला? तो दुपारी दोन-तीनला सुटतो. दोघांचीही वेळ दुपारी सुरू होते. आता आपल्याकडच्या नगरपालिकांच्या बागांच्या पाट्या आठवा. कितीतरी ठिकाणी सकाळी दहाच्या सुमारास कुलूप लागतं ते चारच्या आसपास निघतं. दुपारी बागेत कोण येणार, असा साधा हिशेब. रिकामटेकडे, प्रेमी युगुलं, पत्ते खेळणारे. बंबावरून सुटलेला माणूस त्या यादीत कुणाच्या डोक्यातच आला नाही.

आता तिकिटाकडे येऊ, कारण त्याची गोष्टही काही कमी चमत्कारिक नाही. बाग सर्वांना फुकट, ही कल्पनाच मुळात दोनशे वर्षांचीही नाही. त्याआधी बागा राजांच्या, नवाबांच्या, उमरावांच्या. इंग्लंडच्या गिरणी-गावांत माणसं इतकी दाटली की १८३३ मध्ये तिथल्या संसदेच्या समितीला ‘लोकांना चालायला जागा हवी’ हे गंभीरपणे लिहावं लागलं. १८४० साली डर्बी शहरात एका गिरणीमालकानं लोकांसाठी वृक्षोद्यान करून दिलं. पण फुकट प्रवेश आठवड्यातून दोनच दिवस, रविवार आणि बुधवार. बाकीच्या दिवशी पैसे मोजा. तिकीट आणि वेळ यांची गाठ पहिल्याच बागेत पडली ती अशी: मजुराला सवड रविवारी, म्हणून बाग रविवारी मोफत. निदान त्या लोकांनी मजुराच्या घड्याळाकडे पाहिलं होतं.

१८४७ मध्ये लिव्हरपूलच्या पलीकडच्या काठावर बर्कनहेड पार्क उघडलं. सार्वजनिक पैशातून केलेलं आणि कुणालाही, केव्हाही मोफत असलेलं. आराखडा जोसेफ पॅक्सटनचा. तीन वर्षांनी तिथे एक अमेरिकन शेतकरी हिंडत आला. गावातल्या एका बेकरीवाल्यानं त्याला गळ घातली, आमची नवी बाग पाहिल्याशिवाय जाऊ नका. तो गेला आणि चक्रावला: इथे गरिबातला गरीब माणूस राणीच्या बरोबरीनं बाग उपभोगतो आहे! तो शेतकरी म्हणजे फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड. त्यानं सहकाऱ्याबरोबर पुढे न्यूयॉर्कचं सेंट्रल पार्क आखलं. त्या बेकरीवाल्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, पण न्यूयॉर्कच्या मधोमध ८४३ एकर हिरवळ आहे त्यात त्याचाही वाटा आहे.

ओल्मस्टेडची पुढची गोष्ट आपल्या विषयात थेट येऊन बसते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा त्यानं बागेचं काम सोडलं आणि जखमी सैनिकांची व्यवस्था पाहणाऱ्या सॅनिटरी कमिशनची सूत्रं हाती घेतली. इस्पितळ-जहाजं, औषधं, पट्ट्या, परिचारिका. आजच्या भाषेत तो आपत्कालीन सेवेतलाच माणूस झाला. त्यातून पार थकून बाहेर पडल्यावर तो कॅलिफोर्नियात गेला आणि १८६५ मध्ये योसेमिटी खोऱ्याबद्दल त्यानं एक अहवाल लिहिला. त्याचं म्हणणं असं: सुंदर निसर्गदृश्य पाहणं माणसाच्या तब्येतीला, विशेषतः काळजीनं पिचलेल्या मेंदूला, औषधासारखं असतं. श्रीमंत लोक आपापली उपवनं राखून ते मिळवतात. बाकीच्यांना ते मिळेल हे पाहणं सरकारचं कर्तव्य. जखमींची जहाजं पाहून आलेल्या माणसाचं हे लेखन! ज्यांच्या हाती तो अहवाल पडला त्यांनी तो दाबून टाकला. तो पुन्हा उजेडात आला १९५२ साली. आणि त्यातलं मूळ विधान उलरिकच्या खिडकीनं मोजून दाखवलं ते १८६५ नंतर ११९ वर्षांनी.

पॅक्सटनचा धागा हुबळीपर्यंत येतो हे आणखी एक. बर्कनहेड उरकल्यावर त्यानं लंडनला १८५१ च्या प्रदर्शनासाठी लोखंड आणि काचेचा अवाढव्य क्रिस्टल पॅलेस उभारला. त्यावरून बंगळुरूच्या लालबागेत १८८९ मध्ये काचघराची पायाभरणी झाली. आणि काचघर म्हटलं की कर्नाटकात लालबाग डोळ्यांपुढे येते, म्हणून असेल, हुबळीच्या महात्मा गांधी उद्यानातही इंदिरा ग्लास हाउस उभं राहिलं. काचघर हुबळीला पोचलं. बर्कनहेडचं सताड उघडं दार मात्र वाटेत कुठेतरी राहिलं. उद्यानात जायचं तर आधी तिकीट.

तिकीट माफ केल्यानं फरक पडत नाही असं मी म्हणणार नाही. शहरातल्या बागेत ते चहाच्या किमतीचं असतं, पण हुबळीहून दोनेक तासांवर दांडेलीचं जंगल आहे. तिथली सफारी, किंवा ताडोब्याची जिप्सी, गाइड आणि प्रवेश शुल्क मिळून होणारा खर्च, शिपायाच्या चौघांच्या कुटुंबाला परवडणारा नाही. तिथे मोफत पास खरोखर दार उघडतो. आणि कुटुंबाला बरोबर घेणं महत्त्वाचं, हे अमेरिकेच्या सैनिकी पासानं बरोबर ओळखलं आहे. घंटा एकाच्या घरी वाजते, झोप सगळ्यांची मोडते. शहरातल्या बागेसाठी मात्र मी तिकिटाआधी कुलूप काढायला सांगेन.

ते निघू शकतं. बंगळुरूच्या महापालिकेनं २०२४ मध्ये आपल्या बागा पहाटे ५ पासून रात्री १० पर्यंत सलग उघड्या ठेवायचं ठरवलं; दुपारचा खाडा गेला. खर्च काय? जास्तीचा पहारेकरी, थोडे दिवे. हुबळीत स्मार्ट सिटीच्या पैशातून उणकल नाल्याच्या काठानं हिरवी पायवाट आखली गेली. नाल्याच्या काठाच्या वाटेला फाटकच नसतं, हा तिचा सर्वांत मोठा गुण. आणि जुन्या हुबळीत सिद्धारूढ मठाचं आवार आहे, झाडं आहेत, तळं आहे. तिकीट कुणी विचारत नाही. ड्युटी संपवून तिथे टेकणाऱ्याला आपण वैज्ञानिक प्रयोग करतो आहोत याची कल्पना नसते.

पण कुलूप काढलं तरी माणूस यायला हवा. २०१९ मध्ये देशभरातल्या पोलिसांची मोठी पाहणी झाली, ‘कॉमन कॉज’ आणि लोकनीती यांनी केलेली. सरासरी कामाचे तास निघाले दिवसाला १४. चौदा तास ड्युटी, जाण्या-येण्यात एक, झोपेचे सात म्हटले तर उरले दोन. त्यात अंघोळ, जेवण, मुलांचा अभ्यास, बँक. हंटरबाईंची वीस मिनिटं कुठे बसवायची?

याचं उत्तर मुंबईत एकदा शोधून झालेलं आहे, आणि ते शोधलं एका शिपायानं. तीन पाळ्या, आठ-आठ तास, मनुष्यबळ आहे तेवढंच, असा आराखडा त्यानं कागदावर मांडला. होणार नाही असंच सगळ्यांना वाटत होतं. तेव्हाचे पोलीस आयुक्त दत्ता पडसलगीकर यांनी तो कागद बाजूला टाकला नाही. २०१६ मध्ये देवनार पोलीस ठाण्यात प्रयोग सुरू झाला, मग तो मुंबईतल्या इतर ठाण्यांत गेला. वर्षानुवर्षं अशक्य म्हटलेली गोष्ट नुसत्या तक्त्याच्या मांडणीनं शक्य झाली!

आठ तासांची पाळी लागली की हंटरबाईंची सर्वांत अवघड अट पाळता येते. आठवते ना? फोन नको. पोलीस, १०८ वाला, बंबावरचा, यांतल्या कुणाला साहेबांचा फोन वीस मिनिटं न उचलण्याची मुभा असते? पाळी खरोखर बदलली, जबाबदारी पुढच्याच्या खांद्यावर गेली, तरच फोन खिशात बंद राहू शकतो. तेव्हा हुबळी-धारवाडमध्ये कुणी अशा मोफत पासाचा मसुदा करायला बसलंच, तर त्यावर बागेचं नाव आणि कुटुंबातल्या माणसांची संख्या लिहून झाल्यावर खाली आणखी दोन रकाने ठेवावेत. एक, बाग दुपारी उघडी आहे का. दुसरा, या माणसाचा फोन आत्ता कुणाकडे आहे.